कॅप्टनचा बायोडाटा

हिडनझे बेटावर मोटारी नसतात, हे श्रीधरने त्या रविवारी तिसऱ्यांदा सांगितलं आणि तिसऱ्यांदाही सगळ्यांनी ते कौतुकाने ऐकून घेतलं. सोळा वर्षं मोटारींच्या ब्रेकवर पोट भरणाऱ्या माणसाला मोटारी नसलेल्या बेटाचं एवढं अप्रूप कशाला, असं कुणी विचारलं नाही. विचारतील कशाला, तो कॅप्टन होता.

जर्मनीत त्सुफेनहाउझेनमधल्या त्याच्या घरात जेवणाच्या टेबलावर बाल्टिक समुद्राचा नकाशा पसरला होता. पोस्टाने गुंडाळी होऊन आलेला तो नकाशा पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर लोणच्याची बरणी, चिवड्याचा डबा, एक जाडजूड डिक्शनरी आणि छोट्या विहानची खेळण्यातली मोटार ठेवली होती. जूनमध्ये आठ दिवस, एक शिडाची बोट, तीन कुटुंबं. ग्राइफ्सवाल्डहून निघायचं, श्ट्रालसुंडचा पूल ठरलेल्या वेळी उघडतो तेव्हा पलीकडे जायचं, मग हिडनझे, मग ऱ्युगेन बेटाच्या आतल्या खाड्या. श्रीधर पेन्सिलीने रेघ ओढत होता आणि रेघ मोठी झोकदार येत होती.

टेबलाभोवती हृषिकेश आणि स्वरूपा होते, पुण्याचे, दोघंही सॉफ्टवेअरमधले. त्यांचा पाच वर्षांचा विहान टेबलाखाली होता. प्रणव आणि ईप्सिताच्या लग्नाला अजून वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे त्यांना कुठलंही बेट चाललं असतं. सुनेत्रा, श्रीधरची बायको, स्वयंपाकघरात साबुदाण्याचे वडे तळत होती. आणि सोफ्याच्या कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन कादंबरी बसली होती, त्यांची चौदा वर्षांची मुलगी. तिला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमधून. श्रीधरचं तिच्या कानीकपाळी ओरडून झालं होतं, अगं, मराठीत बोल, मराठीत बोललं की आपल्या माणसांना तू त्यांची वाटतेस. ती ‘जा, जा’ म्हणायची, म्हणजे हो हो, आणि पुढचं वाक्य जर्मनमध्येच.

या सगळ्याची सुरुवात गणपतीत झाली होती. मंडळाच्या हॉलमध्ये जेवताना हृषिकेश म्हणाला होता, "दर उन्हाळ्यात स्वित्झर्लंड, दर वेळी तोच धबधबा. यंदा काहीतरी वेगळं करू या." आणि श्रीधर बोलून गेला होता, "शिडाची बोट घेऊ. माझ्याकडे लायसन्स आहे." पंगतीतल्या पाच-सहा माना एकदम त्याच्याकडे वळल्या. कंपनीत गेलं दीड वर्ष कुर्त्सआर्बाइट चालू होतं, म्हणजे काम कमी, तास कमी आणि पगारही कमी. त्याची टीम एका तिशीतल्या माणसाकडे गेली होती. दीड वर्षात कुणी त्याच्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं. वड्या-भाताच्या ताटावर बसल्या बसल्या त्याला फार बरं वाटलं, आणि माणसाला फार बरं वाटलं की तो जरा जास्तच बोलतो.

लायसन्स खरं होतं. पंचाईत नेमकी तिथेच होती. रिकाम्या शुक्रवारांचं करायचं काय म्हणून श्रीधरने त्या कोर्सला नाव घातलं होतं. लेखी परीक्षेसाठी जवळपास तीनशे प्रश्नांची छापील यादी असते आणि त्या यादीत प्रत्येक प्रश्नाचं पहिलं उत्तर बरोबर असतं. महाराष्ट्रात बोर्डाची परीक्षा दिलेल्या माणसाला आणखी काय हवं. श्रीधरने ती यादी घोकून घोकून पाठ केली आणि एकही चूक न करता पास झाला. प्रात्यक्षिक नेकार नदीवर होतं, मोटरबोटीत, अर्धापाऊण तासाचं. शीड तिथे नव्हतंच. सरकारने त्याला दिवे ओळखता येतात का विचारलं, भोंगे ओळखता येतात का विचारलं, आणि कार्ड हातात ठेवलं.

शिडाच्या बोटीवर तो आयुष्यात एकदाच चढला होता. सात वर्षांपूर्वी, क्रोएशियात, युर्गन नावाच्या सहकाऱ्याच्या बोटीवर, सुनेत्रा आणि कादंबरीला घेऊन. पाच दिवसांतले तीन दिवस त्याने बादली मांडीत धरून काढले आणि उरलेले दोन दिवस बटाटे सोलले. पण गणपतीत सांगताना ‘आम्ही बोट नेली होती’ असं झालं, दिवाळीपर्यंत बोट त्यानेच नेली होती, आणि संक्रांतीला तिळगूळ देताना प्रणवने "कॅप्टन, गोड बोला" म्हटलं तेव्हा श्रीधरने नुसतं हसून तिळगूळ घेतला. सुनेत्राने हे सगळं ऐकलं होतं. नवऱ्याच्या फुशारकीला ती पहिल्यापासून थोडी सूट देत आली होती, एवढीच काय ती त्याची चैन आहे असं समजून.

मग मागच्या आठवड्यात बोट भाड्याने देणाऱ्यांची मेल आली. लायसन्सची प्रत मिळाली, धन्यवाद, आता कृपया आपला ‘झेगेल-लेबेन्सलाउफ’ भरून पाठवा. म्हणजे शिडाच्या बोटीवरचा बायोडाटा: कोणत्या वर्षी, कोणत्या समुद्रात, किती मैल, बोटीवर काय म्हणून.

बायोडाटा म्हटल्यावर श्रीधरचा हात सैल सुटला. पुण्यात त्याची पहिली नोकरी लागली तेव्हा प्लेसमेंटवाल्याने त्याच्या डोळ्यांदेखत आठ महिन्यांच्या अनुभवाची तीन वर्षं केली होती, आणि वर "मुलाखतीत निभावून न्या" असा सल्ला दिला होता. श्रीधरने निभावून नेलं होतं. त्याच्या बॅचच्या निम्म्या मुलांनी नेलं होतं. बायोडाटा थोडा फुगवायचाच असतो, मागाहून काम करता करता माणूस तेवढा होतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. त्याने क्रोएशियासमोर ‘स्किपर’, म्हणजे बोट चालवणारा, असं लिहिलं आणि एकशे चाळीस मैल लिहिले. एकच ओळ बरी दिसेना म्हणून खाली हॉलंड घातलं, तिथेही स्किपर, नव्वद मैल. हॉलंडला ते ट्यूलिप बघायला गेले होते.

एवढ्यावर थांबला असता तरी एक वेळ ठीक होतं. पण फॉर्मच्या शेवटी चार ओळी स्वतःबद्दल लिहायच्या होत्या, आणि श्रीधरचं जर्मन बोलण्यात खपून जायचं, लिहिताना उघडं पडायचं. त्याने नेहमीप्रमाणे हाक मारली. "कादंबरी, जरा आर्टिकल्स बघून दे गं."

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं.

"पापा, श्टिम्ट दास?" तिने विचारलं. खरं आहे का हे?

श्रीधर मोबाइलमध्ये बघत होता. "असं सगळेच लिहितात गं," तो म्हणाला.

मग तिने दोन ठिकाणी आर्टिकल बदललं, एक स्वल्पविराम घातला, एका शब्दाचं स्पेलिंग सुधारलं आणि लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. त्या दिवशी जेवताना ती फारशी बोलली नाही. श्रीधरने ते तिच्या वयावर ढकललं.

तर असा हा कॅप्टन आता पेन्सिलीने रेघ ओढत होता.

"हे बारीक आकडे म्हणजे खोली ना?" हृषिकेशने नकाशावर वाकून विचारलं. हृषिकेश कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय सोडत नसे. "इथे एक पॉइंट दोन लिहिलंय. आपली बोट पाण्याखाली पावणेदोन मीटर आहे म्हणालास."

"गेनाऊ, बरोबर," श्रीधर म्हणाला. "म्हणून तिकडे जायचंच नाही. ही लाल-हिरव्या तरंगत्या बोयांची रांग दिसते ना, तिच्या मधून जायचं. बाहेर गेलं की चिखल."

हे त्याला पाठ होतं आणि बरोबरही होतं. ईप्सिताने मान डोलावली.

"हो, पण ही वाट किती अरुंद आहे," हृषिकेश म्हणाला. "बाजूने वारा आला की बोट ढकलली जाणार. मग मधोमध कशी ठेवायची?"

या प्रश्नाला यादीत पहिलं उत्तर नव्हतं. "ते हाताला कळतं रे," श्रीधर म्हणाला, आणि डब्यातून मूठभर चिवडा घेतला.

स्वरूपा इतका वेळ सामानाची यादी करत होती. तिने पेन खाली ठेवलं. "श्रीधर, तुला खरं सांगू का," ती म्हणाली. "विहानला अजून पोहता येत नाही. मी आधी नाहीच म्हणणार होते. माझी आई तर फोनवर रोज मला वेड्यात काढते. पण मी तिला सांगितलं, श्रीधर आहे, त्याने आधी नेलीये बोट, तो काही होऊ देणार नाही. म्हणून मी हो म्हटलंय."

टेबलाखालून विहानने आपल्या मोटारीसाठी हात वर केला. नकाशा गुंडाळला जाईल म्हणून श्रीधरने तो हात धरला आणि हळूच खाली केला. मनगट त्याच्या दोन बोटांत मावलं. तो पाणी प्यायला.

"मी एक व्हिडिओ पाहिला," हृषिकेश पुढे बोलतच होता. "इकडच्या बंदरात बोट दोन खांबांच्या मधे उलटी घालायची असते, गाडी रिव्हर्समध्ये लावतात तशी. व्हिडिओतला माणूस वीस वर्षं करतोय, तरी शेजारच्या बोटीला घासली. आल्झो, म्हणजे मी शंका काढतोय असं नाही, पण तू हे केलंयस ना? क्रोएशियात?"

साधा प्रश्न होता. हो म्हटलं असतं तर संपलं असतं, आणि नाही म्हटलं असतं तरी संपलं असतं. श्रीधरने तोंड उघडलं आणि दोन्हींतलं काहीच बाहेर येईना. स्वयंपाकघरात वडा तेलात सोडल्याचा आवाज झाला आणि मग नुसतं तळण्याचं चर्र ऐकू येत राहिलं.

"बाबाला येतं."

सगळ्यांनी सोफ्याकडे पाहिलं. कादंबरीने पाय खाली सोडले होते.

"मी बघितलंय," ती म्हणाली, स्वच्छ मराठीत, एकेक शब्द नीट ठेवत. "क्रोएशियात बाबानेच लावली होती बोट. खूप वारा होता तरी. युर्गन अंकल म्हणाले, मला पण एवढी छान जमत नाही."

स्वरूपाने हात गालाशी नेला. "अगं बाई, किती गोड बोलते ही. इतके दिवस लपवून ठेवलं होतंस होय गं?" ईप्सिता टाळ्या वाजवायच्या बेतात होती. प्रणव म्हणाला, कॅप्टन, मुलगी तयार झाली बघा. आणि हृषिकेशच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. "बस, मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला, आणि पेन्सिलीची रेघ जिथे थांबली होती तिथे त्याने बोट ठेवलं. "इथून पुढे कुठे?"

श्रीधरला आधी काय वाटलं असेल तर ते हुश्श वाटलं. ही गोष्ट त्याने पुढे कधी कुणाला सांगितली नाही, पण ती खरी होती. आपल्या पोरीने आपल्याला वाचवलं याचा त्याला एक घोटभर आनंद झाला, आणि तो आनंद आतून जातानाच त्याला कळला, आणि त्याला स्वतःची किळस आली.

त्याने कादंबरीकडे पाहिलं. ती त्याच्याचकडे बघत होती. लहानपणी गणित सोडवून वही समोर धरायची, बरोबर आलं का ते त्याच्या तोंडावर शोधायची, अगदी तशी. स्वयंपाकघराच्या दारात सुनेत्रा झारा हातात धरून उभी होती आणि झाऱ्याचं तेल फरशीवर ठिबकत होतं.

"ती खोटं बोलतेय," श्रीधर म्हणाला.

बोलायचं होतं दुसरंच. तोंडातून हे आलं. सगळ्यांची तोंडं पुन्हा सोफ्याकडे वळली, आणि या वेळी त्यांत कौतुक नव्हतं. कादंबरीचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. ती उठली, कुणाकडे न बघता आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं, तिने ते अगदी हळू लावलं.

"म्हणजे मी," श्रीधर म्हणाला. "मी खोटं बोललोय. गणपतीपासून. मला शिडाची बोट चालवता येत नाही. क्रोएशियात मी बटाटे सोलत होतो. लायसन्स आहे, पण ते पाठांतराचं आहे. कंपनीला पाठवलाय तो बायोडाटाही खोटा आहे, आणि तो मी तिच्याकडून तपासून घेतला."

विहानला टेबलाखाली ही शांतता सोयीची वाटली असावी, त्याने हात घालून आपली मोटार काढून घेतली आणि नकाशाचा तो कोपरा सरसरत हृषिकेशच्या हातापर्यंत गुंडाळला गेला.

"बरं झालं आत्ताच सांगितलंस," हृषिकेश म्हणाला. तो चांगला माणूस होता आणि त्याने आवाज शक्य तितका साधा ठेवला. पण त्याने श्रीधरकडे न बघता बायकोकडे पाहिलं, आणि स्वरूपा आधीच खाली वाकून विहानच्या बुटांचे बंद बांधत होती.

"अहो, स्किपर मिळतो ना भाड्याने," प्रणव मध्ये पडला. "बोटवालेच देतात. दोन बर्थ रिकामे आहेतच, एक त्याला देऊ. बेत कशाला मोडायचा?"

"बघू," हृषिकेश म्हणाला. ‘बघू’चा अर्थ काय होतो हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

दहा मिनिटांत सगळे गेले. सुनेत्राने आग्रह करून वडे डब्यांत भरून दिले आणि त्यांनी ते नको नको म्हणत घेतले. दारात स्वरूपा एवढंच म्हणाली, "मी आईला सांगितलं होतं रे, श्रीधर आहे म्हणून." त्यात राग नव्हता. श्रीधर मान खाली घालून उभा राहिला आणि जिन्यावरून त्यांची पावलं खालच्या दारापर्यंत जाईस्तोवर तिथून हलला नाही.

सुनेत्रा फरशीवरचं तेल पुसत होती. "दर शुक्रवारी जात होतास ना तू," ती म्हणाली. "मला वाटलं, तिथे शिकवत असतील. क्रोएशियाचं तू वाढवून सांगतोस ते कळत होतं मला. पण म्हटलं, तेव्हा येत नव्हतं, आता येत असेल." तिने फडकं पिळलं. "मीही गप्पच बसले. मला वाटलं, दीड वर्षाने जरा हसतोयस, कशाला बोला."

त्याला हे ऐकवेना. शिवी घातली असती तर झेलली असती.

कादंबरीच्या दारावर त्याने टकटक केली. आतून उत्तर आलं नाही, पण नाही असंही आलं नाही, म्हणून तो आत गेला. ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली होती. तो खुर्चीवर बसला. तिच्या टेबलावर शाळेची वही उघडी होती आणि तिच्या गोल अक्षरात अर्धं पान भरलेलं होतं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर तुझं नाव आधी घेतलं मी. आधी माझं घ्यायला हवं होतं. आणि तो फॉर्म तुला दाखवायलाच नको होता. लिहायलाच नको होता."

बाहेर रस्त्यावरून एक बस चढण चढत गेली, तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत दोघंही ऐकत बसले.

"तू का बोललीस तसं?" त्याने विचारलं.

तिने खांदे उडवले. "दू हास्ट सो गेश्चाउट," ती भिंतीला म्हणाली. तू तसा बघत होतास.

कसा, हे विचारायचा त्याला धीर झाला नाही. पण दुसरी एक गोष्ट त्याच्या मनातून जात नव्हती, आणि न विचारता उठलो तर ती कायमची तिथेच राहील असं त्याला वाटलं.

"मराठीत का बोललीस?" तो म्हणाला. "एरवी कधी बोलत नाहीस."

आता ती वळली. डोळे सुजले होते, पण आवाज सरळ होता. बस कितीची आहे असं विचारल्यावर सांगावं तसं तिने सांगितलं.

"दामिट झी एस ग्लाउबेन."

त्यांना खरं वाटावं म्हणून.

आठ-नऊ वर्षं श्रीधर मराठीसाठी तिच्यामागे लागला होता, आणि तिने ऐकलं नाही असं त्याला वाटत होतं. तिने सगळं ऐकलं होतं. काय कशासाठी वापरायचं तेही ती घरातच शिकली होती. त्याला रडू आलं, आणि पोरीसमोर रडून तिच्यावर आणखी एक ओझं नको म्हणून तो उठून बाहेर आला.

नकाशा टेबलावर तसाच होता, एका बाजूने गुंडाळलेला. त्याने तो सरकवून लॅपटॉप उघडला आणि बोटवाल्यांना मेल लिहायला घेतली. मी पाठवलेल्या फॉर्ममधली माहिती खोटी आहे. मी कधीही स्किपर नव्हतो. कृपया मला बोट देऊ नका. तीन वाक्यांना त्याला अर्धा तास लागला. दुसऱ्या वाक्यापाशी तो अडला, कोणतं आर्टिकल घालावं हे त्याला आठवेना. कादंबरीच्या खोलीचं दार त्याने येताना उघडंच ठेवलं होतं, हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

त्याने हाक मारली नाही. जे सुचलं ते लिहिलं, तीनही वाक्यं पुन्हा एकदा वाचली, आणि काहीतरी चुकलंय हे कळत असूनही मेल तशीच पाठवून दिली.